गोळीबाराआधीचे इशारे मिळतात, मग अडतं कुठे?

शर्वरी
अमेरिकेत शाळेत, चर्चमध्ये, दुकानात गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "तो असं काही करेल असं वाटलं नव्हतं." या वाक्यावर माझा आता विश्वास बसत नाही. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर तिथल्या सीक्रेट सर्व्हिसने (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणारी यंत्रणा) आणि शिक्षण खात्याने ३७ शालेय हल्ल्यांचा अभ्यास केला. पाचपैकी चार घटनांत हल्लेखोराच्या मनात काय शिजतंय हे आधी कुणालातरी माहीत होतं. बहुतेकदा मित्राला, वर्गमित्राला, भावंडाला.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलची ३० नोव्हेंबर २०२१ ची सकाळ बघा. पंधरा वर्षांच्या मुलाने गणिताच्या कागदावर पिस्तूल आणि गोळ्या लागलेला माणूस काढला होता. बाजूला लिहिलं होतं, "विचार थांबत नाहीत. मला मदत करा." शिक्षिकेने पाहिलं, फोटो काढला, समुपदेशकाला कळवलं, आईवडिलांना बोलावलं. ते त्याला घरी न्यायला तयार झाले नाहीत. चारच दिवसांपूर्वी वडिलांनी पिस्तूल विकत घेतलं होतं, पण त्याबद्दल दोघं अवाक्षर बोलले नाहीत. दप्तर कुणी उघडलं नाही. मुलगा वर्गात परतला आणि साधारण दोन तासांत चार मुलं मेली. पिस्तूल त्या दप्तरात होतं.

इशारा दिसला होता, पण पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. म्हणून प्रत्येक शाळा-कॉलेजात असे इशारे तपासून पुढचं पाऊल ठरवणारा शिक्षक, समुपदेशक आणि पोलिस यांचा एक कायमचा गट हवा. व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात २००७ साली ३२ जण मारले गेले, त्यानंतर व्हर्जिनियाने सरकारी कॉलेजांना आणि २०१३ मध्ये शाळांनाही असे गट सक्तीचे केले.

मंदार
साफ असहमत. घडून गेल्यावर मागे वळून पाहिलं की सगळंच इशारा वाटतं. एकलकोंडी, चिडकी, वहीत बंदुका काढणारी मुलं लाखोंनी असतात आणि त्यातली जवळजवळ सगळी कुणाला इजा न करता मोठी होतात. ज्या अभ्यासाचा दाखला तुम्ही दिलात, त्यातच म्हटलंय की हल्लेखोराचा असा ठरावीक साचा नाही.

आणि चुकीचा संशय फुकट नसतो. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या अर्विंगला चौदा वर्षांच्या मुस्लिम मुलाने घरी केलेलं घड्याळ शाळेत नेलं, तर त्याला बेड्या पडल्या. फ्लोरिडातल्या पास्को काउंटीच्या शेरीफने (तिथल्या पोलिसप्रमुखाने) मुलांचे गुण, गैरहजेरी, घरी झालेला छळ असं सगळं जमवून 'पुढे गुन्हेगार होऊ शकतील' अशांची यादी बनवली होती. हे २०२० मध्ये उघडकीला आलं. ज्या मुलाला घरी मार बसतो, त्याचं नाव त्या मारामुळेच पोलिसांच्या यादीत! तुमचा गट उद्या हेच करणार नाही कशावरून?

शर्वरी
मंदार, पास्कोचा मलाही संताप येतो. पण तिथे मुलांनी काही केलेलं नसताना अंदाज बांधला गेला. मी म्हणतेय ते प्रत्यक्ष बोलण्या-वागण्याबद्दल: कुणाला मारणार हे सांगणं, हत्यार मिळवायला लागणं, जागा हेरणं, आधीच्या हल्लेखोरांना डोक्यावर घेणं, निरवानिरव करणं. एफबीआयने २०१८ मध्ये ६३ हल्लेखोरांचा अभ्यास मांडला. मानसिक आजाराचं निदान जेमतेम पाव जणांचं झालेलं होतं, पण निम्म्याहून अधिकांनी आपला बेत आधी कुणापुढे तरी बोलून दाखवला होता. त्यामुळे 'वेडे शोधा' असं मी म्हणतच नाही.

विनायक
तुम्ही दोघंही बंदुकीला वळसा घालताय. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत आणखी कोणता इशारा हवा होता? ५ जानेवारी २०१८ ला एका ओळखीच्या व्यक्तीने एफबीआयला फोन करून पुढे हल्ला करणाऱ्या तरुणाकडच्या बंदुका, त्याच्या धमक्या, शाळेत जाऊन गोळ्या घालेल ही भीती, सगळं सांगितलं. ती माहिती मायामीच्या कार्यालयापर्यंत गेलीच नाही. १४ फेब्रुवारीला १७ जण मेले. माणसांच्या साखळीत एक कडी निसटणारच. बंदूकच हाताशी नसेल तर निसटलेली कडी इतकी महाग पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट आर्थरला १९९६ मध्ये गोळीबारात ३५ माणसं मेल्यावर त्या देशाने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेतल्या आणि परवाने कडक केले. शाळेतल्या हल्लेखोरांना हत्यार बहुतेक वेळा स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातच मिळतं. निदान त्या कपाटाला कुलूप लावणं सक्तीचं करा. ऑक्सफर्डच्या आईवडिलांना २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली, ती मला योग्य वाटते.

प्राजक्ता
विनायकजी, कुलपाबद्दल पूर्ण सहमत. पण जिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आणि त्या बाळगण्याचा हक्क थेट घटनेत, तिथे ऑस्ट्रेलियाचा उपाय लवकर येणार नाही. तोवर काय करायचं? धोका दिसला की न्यायालयाच्या हुकमाने त्या माणसाची बंदूक तात्पुरती काढून घेण्याचे कायदे वीसहून अधिक राज्यांत आहेत. मात्र ते वापरावे लागतात. मेन राज्यातल्या लूइस्टनला २०२३ मध्ये गोळीबारात १८ जण मेले. हल्लेखोराच्या घरच्यांनी पाच महिने आधी पोलिसांना सांगितलं होतं, सैन्यातल्या सोबत्याने 'हा गोळीबार करेल' असं कळवलं होतं. शेरीफचा माणूस दारापर्यंत गेला, दार उघडलं नाही, म्हणून परत आला. त्याला ताब्यात घ्यायला पुरेसं कारण होतं, असं पुढे चौकशी आयोगाने म्हटलं.

आणखी एक. यातले कितीतरी जण आधी स्वतःच्या जिवावर उठलेले असतात. 'मला जगायचं नाही' हे तितक्याच गांभीर्याने ऐकलं, तर हल्ले टळतील की नाही ते पुढचं पुढे, आत्महत्या तर नक्की टळतील. आणि तिथे मंदार म्हणतात तसा खोट्या संशयाचा प्रश्न उरत नाही, कारण मदत चुकीच्या मुलाला मिळाली तरी त्याचं नुकसान होत नाही.

मंदार
प्राजक्ता, मदत असेल तर. शर्वरींच्या गटात पोलिस पहिल्याच बैठकीला हजर आहेत, माझा विरोध त्याला आहे. शर्वरी म्हणतात की मित्राला आधी कळतं. बरोबर. मग त्या मित्राच्या जागी उभे राहा. सोळा वर्षांचा मुलगा, मित्र रात्री काहीतरी भयंकर बोललाय. सांगितलं तर मित्राला बेड्या पडतील, शाळेतून काढतील, अशी धास्ती असेल तर तो गप्प बसेल. सांगितल्यावर मित्राचं काय होणार हे मुलांना आधी ठाऊक हवं. शिवाय संशय निराधार ठरला तर सगळी नोंद नष्ट व्हायला हवी. एवढं लेखी असेल तर बोलू, नाहीतर माझा विरोध कायम.

शर्वरी
नोंद नष्ट करणं मान्य. पहिलं बोलणं समुपदेशकाने करावं हेही मान्य. पोलिसांना पूर्ण बाहेर ठेवणं मात्र मला पटत नाही. ऑक्सफर्डच्या त्या खोलीत समुपदेशक होते, आईवडील होते, दप्तरही होतं. "घरात बंदूक आहे का?" हा प्रश्न विचारणं आणि दप्तर उघडणं हे ज्याचं कामच आहे, असा कुणी नव्हता. तुमच्या आराखड्यात हे काम कोण करणार, ते सांगा.