एनएमएलएस नंबर म्हणजे काय अंगारा आहे?

एडिसनकर: "घर घेताय? लोनवाल्याचा एनएमएलएस नंबर बघा आणि निर्धास्त व्हा," असं काल इथे कुणीतरी लिहिलं. निर्धास्त! अकरा वर्षं लोन ओरिजिनेटर, म्हणजे घरकर्ज जुळवून देणारा, आहे मी. एनएमएलएस म्हणजे अमेरिकेतल्या राज्यांचं आमच्यासारख्यांच्या लायसन्स-नोंदणीचं पोर्टल. नंबर जन्माचा एकच, मान्य. लायसन्स मात्र ज्या त्या राज्याचं. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, टेक्सस: तीनदा अर्ज, तीनदा फी. पोर्टल सामायिक, मर्जी ज्याची त्याची.

फ्रीमाँटची ताई: मग २००८ च्या आधीचं बरं होतं का? एका राज्यातून हाकललेला ब्रोकर शेजारच्या राज्यात पाटी लावायचा. २००८ च्या जानेवारीत सात राज्यांनी हे पोर्टल सुरू केलं, जुलैत लायसन्स-नोंदणी सक्तीची करणारा सेफ कायदा आला. ठसे, क्रेडिट रिपोर्ट, २० तासांचा अभ्यास, ७५ टक्क्यांची परीक्षा. तुमच्या तीन फियांचं रडगाणं गिऱ्हाइकाने का ऐकायचं?

एडिसनकर: परीक्षा म्हणालात ना ताई? बँकेतल्यांना विचारा, दिलीय का. नुसती नोंदणी केली की नंबर हातात!

व्याजबुद्धी: आहे मी बँकेत. ठसे आम्हीही देतो. शिवाय आमच्या मानेवर बँकेचे तपासनीस असतात. तुम्ही नापास झाला होतात वाटतं?

एडिसनकर: झालो होतो. तीस दिवस थांबून पुन्हा दिली. तुम्ही निदान एकदा बसून तरी दाखवा.

डॅलसचे काका: भांडू नका रे. आमच्या कर्जात बँकेच्याच माणसाने रेट लॉक, म्हणजे ठरवून ठेवलेल्या व्याजदराची मुदत, संपू दिला. वाढलेल्या दराने हप्ते मी भरतोय. नंबर होता त्याच्याकडे, कार्डावर ठळक.

व्याजबुद्धी: काका, एका माणसावरून सगळ्या बँका?

डॅलसचे काका: हप्ता तू भरतोस का?

फ्रीमाँटची ताई: मूळ मुद्दा राहिलाच. माझ्या दिराने कन्झ्युमर ॲक्सेसवर, म्हणजे एनएमएलएसच्याच गिऱ्हाइकांसाठीच्या साइटवर, फुकटात नंबर टाकला, तर त्या गोडबोल्या लोनवाल्यावर दुसऱ्याच राज्याचा कारवाईचा आदेश निघाला. घर वाचलं आमचं.

एडिसनकर: बरं बाई, आदेश दिसतो. राज्याने तिथे टाकला असेल तर! तेवढ्यापुरता अंगारा खरा. आता जातो, ३१ डिसेंबर डोक्यावर आलाय आणि लायसन्स रिन्यू करायला लागणारा आठ तासांचा कोर्स बाकी आहे. गेल्या वर्षीचाच परत केलेला चालत नाही म्हणे.

व्याजबुद्धी: शुभेच्छा. आम्हाला तो नाही.