शब्दचर्चा : लिपिडला 'महारेणू' म्हणावं का?

मूळ प्रश्न, मुलुंडहून

मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात होता, आता अकरावी सायन्सला आहे. त्याच्या मराठी टिपणात 'जैविक महारेणू चार : कर्बोदके, प्रथिने, मेद, न्यूक्लिइक आम्ले' असं आहे. पण तो हिंदी व्हिडिओ बघतो, त्यात रेणूला 'अणु' म्हणतात, पेशीला 'कोशिका'. शिवाय त्याचा प्रश्न असा की मेद म्हणजेच लिपिड का, आणि तुपाचा रेणू एवढा लहान असताना त्याला 'महा' का म्हणायचं? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, कनिष्ठ महाविद्यालयात मी हाच विषय शिकवत आलो आहे. हिंदीचा घोळ आधी मिटवू. आपला अणू तो हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु तो आपला रेणू. हिंदीत 'पेशी' ऐकू आली तर तो स्नायू समजायचा, आपली पेशी नव्हे. हे त्याने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावं.

आता 'महा'बद्दल. मुलाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. हर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये 'मॅक्रोमॉलिक्यूल', म्हणजे महारेणू, ही संज्ञा वापरली, तेव्हा पुष्कळ रसायनशास्त्रज्ञ रबर किंवा सेल्युलोज म्हणजे लहान रेणूंचे नुसते पुंजके मानत. हजारो अणू खऱ्या रासायनिक बंधांनी जोडलेला हा एकच रेणू आहे, हे श्टाउडिंगर यांनी लावून धरलं. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ मध्ये. म्हणजे 'महा' या उपपदात आकार तर आहेच, पण एकवारिकाला (मोनोमर, म्हणजे साखळीतला एकेक लहान रेणू) एकवारिक जोडत गेलेली साखळीही आहे; अशा साखळीला बहुवारिक (पॉलिमर) म्हणतात. ग्लुकोजचे रेणू जोडून स्टार्च होतो, वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून प्रथिनं होतात, न्यूक्लिओटाइडांपासून डीएनए आणि आरएनए ही न्यूक्लिइक आम्लं.

तुपातल्या मेदाचं तसं नाही. एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडली की रेणू पुरा झाला, साखळी पुढे वाढतच नाही. अशा रेणूचा भार हजाराच्या आतबाहेर असतो. एकट्या हिमोग्लोबिनचा सुमारे ६४,५०० आहे.

मग लिपिड या यादीत कसे शिरले? एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात याचं कारण आहे आणि ते प्रयोगशाळेतलं आहे. ऊती ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात वाटून गाळली की लहान रेणू द्रावणात उतरतात आणि मोठे गाळणीवर राहतात. पेशीपटलं फुटली की त्यांच्या तुकड्यांच्या बारीक पिशव्या बनतात, त्या विरघळत नाहीत, म्हणून लिपिड मोठ्यांबरोबर वर राहतात. त्याने वहीत असं लिहावं : 'महारेणू तीन; लिपिड त्यांच्यासोबत अभ्यासले जातात, पण ते बहुवारिक नाहीत.'

मेद आणि लिपिड एक नव्हेत. मेद हा लिपिडांचा एक प्रकार. कोलेस्टेरॉल लिपिड आहे, पेशीपटलातले फॉस्फोलिपिड लिपिड आहेत, त्यांना मेद म्हणणं चूक. आयुर्वेदातला सप्तधातूंपैकी मेद मराठी माणसाच्या मनात असतोच, त्यामुळे हा शब्द ऐकला की पोटावरची चरबीच आठवते. माझं मत असं : आहाराबद्दल बोलताना स्निग्ध पदार्थ, शरीरातल्या साठ्याला मेद, आणि रसायनशास्त्रात सरळ लिपिड. मराठीत रुळलेल्या परक्या शब्दाने अर्थ नेमका होत असेल तर तो वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रतिसाद, गिरगावहून

मी अनुवादाचं काम करते. 'कर्बोदक'ऐवजी 'पिष्टमय पदार्थ' लोकांना जास्त कळतं. आणि 'कर्बोदके ऊर्जा देतात, प्रथिने शरीर बांधतात' एवढं सामान्य वाचकाला पुरेसं नाही का?

प्रतिसाद

नाही पुरत, आणि का नाही ते सविस्तर सांगतो. पिष्ट म्हणजे पीठ. त्यात भाकरी येते, साखर येत नाही, कापूस तर नाहीच. गिरणगावात ज्या कापसाचं सूत निघायचं तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे कर्बोदकच. पण आपल्याला तो पचत नाही, त्यातून ऊर्जा मिळत नाही. 'कर्बोदक' शब्द कर्ब (कार्बन) आणि उदक (पाणी) यांचा आहे. ग्लुकोजमध्ये सहा कर्ब आणि सहा पाण्यांइतके हायड्रोजन-ऑक्सिजन असतात, इतका तो चपखल आहे.

आणि कामाचं म्हणाल तर आपल्याच शहराच्या नावाचं उदाहरण घ्या. डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत सापडलेला एक वेगळा रक्तगट १९५२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात, काही पटलातल्या प्रथिनांना जोडलेल्या, काही लिपिडांना. साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची शर्करा बसली की 'एच' प्रतिजन (अँटिजेन, म्हणजे पेशीची ओळखखूण) होतो. त्याच्यावर आणखी एक शर्करा चढली की 'ए' किंवा 'बी' गट. काहीच चढलं नाही तर 'ओ'. फ्यूकोज बसवतं ते एक विकर (एन्झाइम), म्हणजे प्रथिन. त्या विकराची माहिती डीएनएमधल्या जनुकात. आईवडिलांकडून आलेल्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्या तर 'एच' तयारच होत नाही. मग 'ए'चं जनुक धडधाकट असलं तरी त्याच्या विकराला शर्करा जोडायला जागा नाही.

नेहमीच्या तपासणीत असा माणूस 'ओ' दिसतो. पण त्याच्या रक्तात 'एच'विरोधी प्रतिपिंडं असतात आणि 'ओ'च्या पेशींवर 'एच' भरपूर, म्हणून 'ओ' रक्त दिलं तर त्या पेशी फुटतात आणि जीव धोक्यात येतो. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, आणि रक्तपेढीला असा दाता शोधावा लागतो.

इथे कर्बोदक ऊर्जा देत नाही, ओळख ठरवतं. प्रथिन इथे शरीर बांधत नाही, शर्करा जोडण्याचं काम करतं. अनुवादात 'ऊर्जा देतात' हे जरूर लिहा, फक्त ते एकच काम आहे असं वाचकाला वाटू देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

सर, टिपणात 'महारेणू तीन' असं दुरुस्त केलं. एकच राहिलं : एका जुन्या पुस्तकात न्यूक्लिइक आम्लाला 'केंद्रकाम्ल' म्हटलं आहे, ते चालेल का?

प्रतिसाद

समजायला चालेल. फ्रीडरिश मीशर यांना १८६९ मध्ये पुवातल्या पेशींच्या केंद्रकात हा पदार्थ मिळाला, त्यावरून नाव पडलं. पण जीवाणूंना केंद्रक नसतं आणि त्यांच्यात डीएनए असतो. आपल्याही पेशींतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रिया) असतो. त्यामुळे मी मुलांना 'न्यूक्लिइक आम्ल' हेच लिहायला सांगतो.