अंडरग्राउंड कॉमिक्सवर खरोखर बंदी होती का?

वर्धाकाठ : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांनी कापसाच्या काट्यावर आठ पानांची चित्रकथा काढली असून, तिच्यात मापात मारणारा व्यापारी बोक्याच्या रूपात आहे. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याने पाने चाळली आणि ‘उद्या या’ म्हणत तीनदा परत पाठवले. अमेरिकेतील अंडरग्राउंड कॉमिक्स, म्हणजे मोठ्या प्रकाशकांना वगळून काढलेली बंडखोर चित्रकथांची पुस्तके, कायद्याने बंद असल्यामुळे चोरून छापली जात, असे मी मुलांना सांगितले होते. ते बरोबर आहे का?

मेणकागद : दादा, अर्धेच. १९५४चा कॉमिक्स कोड, म्हणजे चित्रकथांत काय दाखवू नये याची नियमावली, हा कायदा नव्हता. सिनेटच्या चौकशीचा धसका घेऊन प्रकाशकांनी स्वतःच ते बंधन घालून घेतले होते. मात्र मुखपृष्ठावर त्याचा शिक्का नसेल तर ठोक वितरक सहसा गठ्ठा उचलत नसत. अंडरग्राउंडवाल्यांनी हा वितरकच वगळला. चित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांच्या ‘झॅप’ या अंडरग्राउंड कॉमिकचा पहिला अंक १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट स्ट्रीटवर चक्क बाबागाडीतून विकला गेला; यात चोरून काय आले? पुढे चिलमी आणि पोस्टरे विकणारी हिप्पींची दुकाने हीच त्यांची पेठ झाली. कायद्याचा मोठा फटका बसला तो १९७३ साली. अश्लील काय, हे ठरवताना स्थानिक समाजाचे माप लावावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि खटल्याच्या धास्तीने अनेक दुकानदारांनी असा माल ठेवणेच सोडले. तुमचा झेरॉक्सवाला याच पंगतीतला.

झाडीवाली : त्या बंडखोरांच्या पंगतीतही बायकांना पान नव्हतेच, म्हणून चित्रकार ट्रिना रॉबिन्स यांनी १९७० साली केवळ स्त्रियांनी काढलेले कॉमिक सिद्ध केले आणि १९७२ साली सुरू झालेले ‘विमेन्स कॉमिक्स’ १९९२पर्यंत निघत राहिले. तुमच्या ‘मुलांनी’मध्ये मुली किती आहेत?

जुना खिळा : झेरॉक्सचा नाद सोडा. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे प्रभृतींनी १९५०च्या दशकात ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइलवरच, म्हणजे मेणकागदावर कोरून प्रती काढणाऱ्या यंत्रावरच, काढले होते. मी नोकरीत असताना प्रश्नपत्रिका त्याच यंत्रावर काढत असे आणि ते अजून माझ्या पडवीत आहे. मेणकागदावर दाट काळे भरायला गेले की तो फाटतो. तेव्हा बोका पट्टेरी करा.

वर्धाकाठ : पट्टेरी केला, काका, रविवारी मेणकागद घेऊन येतो. ताई, मुली दोन आहेत, आणि काट्याखाली पासंगाचा दगड लपवल्याचे पान त्यांचेच आहे.