मदत हवी आहे : मारुती ८०० चे फेंडर, सिल बारा जणांत मिळून मागवायचेत

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मारुती ८०० ही २००१ ची, केए-२२. यंदा पंचवीस वर्षं भरली, म्हणजे आर.सी. (गाडीचं नोंदणीपत्र) पुन्हा रिन्यू करायची वेळ आली. इंजिन अजून पहिल्या सेल्फला उठतं, तक्रार नाही. पत्र्याचं मात्र काही खरं नाही. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आणि माझी शाळा जांबोटीच्या बाजूला. चार महिने गाडी ओलीच. गेल्या आषाढात ड्रायव्हर सीटखालचं मॅट उचललं तर खाली रस्ता दिसला. सौ. म्हणाली, "बरं झालं की, वारा येतो."

टिंकरमामांकडे (गाडीच्या पत्र्याचं काम करणारे) नेली. त्यांनी फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, खालच्या टोकाला अंगठा लावला आणि तो आत गेला. "मास्तर, लांबीवर लांबी (पुट्टी) किती भरायची ओ? पत्रा आणा नवीन, मी बसवतो." वेल्डिंगवाला पोरगा सिल (दाराखालची पत्र्याची पट्टी) बघून कन्नडात एकच शब्द बोलला, "आगंगिल्ल." म्हणजे, जमणार नाही.

कंपनीनं ८०० बनवणं जानेवारी २०१४ मध्ये थांबवलं. ओरिजनल नग कुठंतरी एखादा निघतो, पण जोडी जुळत नाही. म्हणून बाहेरचा माल. एकट्यानं मागवला तर भाडंच मालाच्या निम्मं होतं, म्हणून ओळखीतून माणसं जमवली. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी मिळून आम्ही बारा आठशेवाले झालोय. यादी अशी : १७ फेंडर, ९ सिल, ६ फ्लोअरचे पत्रे, ४ बॉनेट, ५ डिकीचे दरवाजे. सगळं मिळून बासष्ट हजारांच्या घरात जातंय.

दोन ठिकाणी विचारलं. दिल्लीत काश्मिरी गेटकडचा एकजण स्वस्त देतोय, पण सगळे पैसे आधी मागतो. कोल्हापूरचा थोडा महाग, निम्मे आधी, निम्मे माल बघून.

आता माझी भीती सांगतो. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून (नाव नको, त्यात काही राहिलं नाही) फोनवर फेंडरची जोडी मागवली होती. एक लेफ्ट, एक राइट असं दोनदा सांगितलं. पेटी उघडली तर दोन्ही क्लीनर साइडचे, म्हणजे डावीकडचे. फोन केला तर म्हणतो, "आपने सामने से बोला था या बैठ के?" परत पाठवायचं भाडं माझंच. एक बसवला, दुसरा अजून गोठ्याच्या माळ्यावर लटकतोय. मांजर त्यात व्याली.

हे माझ्या एकट्याचं झालं. उद्या बारा जणांचं झालं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. पैसे माझ्या खात्यात घेऊ का? बिल कुणाच्या नावानं? वाकलेला नग कुणाच्या माथी? आणि दोघंजण पत्र्याऐवजी फायबरच हवं म्हणतात, ते चालेल का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपा करून सांगा.

टिळकवाडीकर (बेळगाव)

मास्तर, पैसे तुमच्या खात्यात घेऊ नका असं म्हणणार नाही, कुणाच्या तरी खात्यात यावेच लागतील. पण भिशीसारखं करा. वही एक, तिचा फोटो दर आठवड्याला सगळ्यांना. ज्यानं निम्मे भरले नाहीत त्याचं नाव यादीत नाही, मग तो साडू असला तरी. खात्यातून पैसे निघताना दुसऱ्या एकाची लेखी संमती घ्या, निपाणीकडचा कुणी असला तर बरं, म्हणजे खानापूरवाल्यांनी आपसांत केलं असं कुणी म्हणणार नाही.

बिलाचं सांगतो, माझा धंदाच हिशेबाचा. गाडीच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बहुतेक भागांना २८ होता. दोन्ही कोटेशन काढून बघा. जुन्या दरानं आकडा धरला असेल तर तिथंच हजारो रुपये सुटतात. बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा) लिहिला काय किंवा सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या विक्रीचा) लिहिला काय, एकूण दर तोच. तुमच्या खिशाला फरक नाही.

एकाच नावावर बासष्ट हजारांचं बिल म्हणजे पन्नास हजारांच्या वर, ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागणार. ते व्यापाऱ्यालाच काढायला लावा. "बिल नको, अजून स्वस्त देतो" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. बिल नसेल तर उद्या भांडणार कशाच्या जोरावर?

सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या टिंकरमामांसारखा, पण जीएसटी नंबर असलेला गॅरेजवाला मध्ये घ्या. माल त्याच्या नावानं येईल आणि तो प्रत्येकाला वेगळं बिल फाडेल. चार पैसे त्याला सुटू द्या.

पत्रा_पुट्टी (उद्यमबाग)

पैशाचं वरच्यांनी बरोबर सांगितलं. मी पत्र्याचं बोलतो, हात काळे करून अठरा वर्षं झाली.

पहिलं, तुमची यादी कच्ची आहे. १७ फेंडर म्हणजे काय? ८०० चा चेहरा १९९७ ला बदलला. त्याआधीच्या गाडीचं बॉनेट, फेंडर, लाइट, बंपर नंतरच्या गाडीला जुळत नाही. तुमच्या बारांत एखादा तरी १९९२-९४ वाला असणार, आणि तो तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला वाटतं ८०० म्हणजे ८००. प्रत्येकाकडून आर.सी.वरचं साल घ्या आणि समोरून, बाजूनं फोटो घ्या. फेंडरवर साइड इंडिकेटरचं भोक आहे की नाही तेही लिहा. नंतर भोक पाडता येतं, पण पाडलेलं बुजवायला परत टिंकर.

लेफ्ट-राइट हा शब्दच यादीतून काढा. ड्रायव्हर साइड, क्लीनर साइड. हे भारतात कुठल्याही गल्लीत कळतं आणि त्यात "समोरून की बसून" होत नाही.

आता माल ओळखायचा कसा. नवीन नग काळा येतो. कंपनीच्या नगावरचा काळा थर भट्टीत भाजलेला असतो, बाहेरच्या मालावर कित्येकदा नुसता काळा रंग मारलेला असतो. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवा आणि आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी वीस-तीस वेळा घासा. बोळा काळा झाला आणि खाली पांढरा पत्रा चमकला तर तो थर वाहतुकीपुरता. असा नग फेकायचा नाही, पण सगळा रंग उतरवून नवा प्रायमर मारल्याशिवाय पेंट करायचा नाही. त्यावरच थेट रंग मारला तर दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात, आणि मग लोक पेंटरला शिव्या देतात.

जाडी बघा. साधारण २२ गेजचा पत्रा हवा. मायक्रोमीटर नसेल तर जुन्या फेंडरचा चांगला तुकडा आणि नवा नग कडेला कडा लावून बघा. टिचकीचा आवाजही सांगतो, पातळ पत्रा डब्यासारखा वाजतो.

आणि मुख्य गोष्ट, सतरा मागवू नका. एक मागवा. ड्रायव्हर साइडचा एक फेंडर आणि एक सिल. ८०० चा फेंडर बोल्टावर बसतो, तासाभरात चढवून उतरवता येतो. रंग न मारता बसवा, बॉनेट बंद करा, दार उघडा-मिटा आणि दाराची फट वरपासून खालपर्यंत बघा. भोकं एक-दोन मिलिमीटर सरकलेली असतील तर कानस मारून भागतं. बोटभर सरकली असतील तर तो व्यापारी सोडा. एकदा रंग लागला की परत घेत नाहीत, हे लक्षात ठेवा.

निपाणीचा_गडी

मास्तर, फायबरवाल्या दोघांतला एक मीच. ओळखलंत ना 😀

पत्रा_पुट्टी (उद्यमबाग)

फायबरचं बॉनेट हौसेला ठीक, पण कुलपाची जागा नीट बसली पाहिजे, नाहीतर हायवेला उडून काचेवर येतं. सिल आणि फ्लोअर फायबरचं अजिबात नाही. गाडीची ताकद तिथं आहे, तिथं पत्रा वेल्डच झाला पाहिजे. खानापूरच्या रस्त्यावर फायबरचा फेंडर बोल्टापाशी चिरतो, आणि चिरला की त्याला गॅस लावता येत नाही.

जाता जाता, फ्लोअरला वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढा. आणि चासी नंबर पंच केलाय त्या जागेजवळ ग्राइंडर नेऊ नका. रिन्यूअलला त्याचाच पेन्सिलनं ट्रेस घेतात. रंग तोच ठेवा. बदलायचा असेल तर आर.सी.वर नोंद करून घ्यावी लागते. आणि केंद्राच्या नव्या दरानं वीस वर्षांवरच्या गाडीची रिन्यूअल फी आता १०,००० आहे, ऑगस्ट २०२५ पासून. ते पैसे पत्र्यात घालून बसू नका.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

आम्ही दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरचे मडगार्ड असेच मिळून आणले होते, त्यातला अनुभव. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला माल आला की हमाल आधी सही मागतो. सही करू नका. तिथंच पेटी फोडा, नग मोजा, आणि वाकलेला असेल तर बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) लिहूनच सही करा. आम्ही घाईत सही केली आणि घरी येऊन दोन मडगार्ड चेपलेले निघाले. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, "सही तुमचीच आहे." कुणाला काय बोलणार.

फेंडर एकात एक घालून आणायला सांगू नका, टोकं एकमेकांना घासतात. मध्ये पुठ्ठा, वर बारदान, आणि बाहेरून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. त्याचे पैसे वेगळे मागतील, द्या. वाकलेल्या नगाचं आधीच ठरवा : वाटेत वाकला तर नुकसान बाराजणांत, घरी नेल्यावर वाकला तर ज्याचं त्याला.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. यादी परत केली. पत्रा_पुट्टी, तुमचं खरं ठरलं : हुक्केरीच्या अण्णांची गाडी १९९३ ची निघाली. विचारलं तर म्हणतात, "चालतीय की ओ." एकजण स्वतःहून गळला, त्याला गाडीच विकायची आहे. आता अकरा.

दिल्ली सोडली. कोल्हापूरवाल्याचं कोटेशन अजून जुन्या २८ टक्क्यांवर होतं, सांगितल्यावर गप्प बदलून दिलं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

तीन आठवड्यांनी लिहितोय. रविवारी मी आणि टिंकरमामा माझ्याच गाडीनं कोल्हापूरला जाऊन ड्रायव्हर साइडचा एक फेंडर आणि एक सिल घेऊन आलो. थिनरचा बोळा घासला, काळा झाला. मामा म्हणाले, "अपेक्षाच होती." जाडी मात्र ठीक. फेंडर चढवला, वरची दोन भोकं बरोबर बसली, दाराकडचं खालचं एक जरा सरकलेलं, कानशीनं दहा मिनिटांत जुळलं. दाराच्या फटीत मामांनी बसचं तिकीट घालून वरून खाली ओढलं. मधे एकदा अडकलं, बोल्ट सैल करून फेंडर किंचित पुढे घेतला, परत ओढलं, सरळ खाली आलं. सिलचं माप जुन्याशी तंतोतंत.

दर नगामागे रंग उतरवून प्रायमर मारायचा खर्च धरून सगळ्यांना नवा आकडा पाठवला. एकानं कुरकुर केली, दहांनी निम्मे भरले. वही टिळकवाडीकरांनी सांगितली तशी चालू आहे. बिल बेळगावच्या एका गॅरेजच्या नावानं ठरलंय.

निपाणीकर, यादीत तुम्ही क्लीनर साइडचा एक फेंडर लिहिलाय. तो कापला. माळ्यावरचा नेताय का? साल तेच आहे, रंग लागलेला नाही. पुढच्या रविवारी संकेश्वरला येतोय, तिथवर आणतो. मांजरीची पिल्लं डोळे उघडून उतरली आहेत, अडचण नाही.

निपाणीचा_गडी

नेतो. आधी थिनरचा बोळा मात्र मी घासणार.