कौलारू छप्पर नव्याने घालायचंय, मजुरीचा दर नेमका कसा ठरतो? (मदत हवी आहे)

मंडळी, राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घराचं छप्पर यंदा मृगाच्या आत उतरवून नव्याने घालायचं आहे. आजोबांनी बांधलेलं घर, मंगलोरी कौलं. मागच्या आषाढात आईने माजघरात तीन ठिकाणी पातेली मांडून रात्री काढल्या. वर चढून पाहिलं तर कौलं ठणठणीत, खराब झालंय ते लाकूड. मधल्या एका वाशात पेन्सिल खुपसली तर अर्धी आत गेली.

सामानाचा हिशेब मला कळतो. लाकूड घनफुटावर, कौलं नगावर. अडतंय ते मजुरीपाशी. तिघांना बोलावलं, तिघांचे तीन आकडे.

पहिला म्हणाला, फक्त मजुरी ७० रुपये चौरस फूट. दुसरा रोजंदारीवर तयार आहे: दोन सुतार ११०० प्रमाणे, चार गडी ७०० प्रमाणे, चहा-जेवण आमच्याकडे, दिवस बारा ते पंधरा. तिसऱ्याने अंगणात उभं राहूनच दीड लाख सांगितले, काम उक्तं, म्हणजे सगळं मिळून एकरकमी.

घर ४० बाय २५ फूट. मी मनात १००० चौरस फूट धरून पहिल्याला म्हटलं, म्हणजे ७० हजार ना? त्याने काही न बोलता टेप काढली. आढ्यापासून (छपराचा वरचा मधला कणा) वळचणीपर्यंत (खालची कड) एक पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, सव्वासतरा फूट भरलं. लांबी ४५, कारण छप्पर भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी अडीच-अडीच फूट येतं. दोन्ही पाखी मिळून १५५२ चौरस फूट, मजुरी १,०८,६४०. माप त्याचं बरोबर होतं. छप्पर जमिनीवर मोजायचं नसतं, उतारावर मोजायचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण या ७० रुपयांत काय काय येतं? कौलं उतरवणं, धुणं, वासे आणि रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) बदलणं, कोने (आढ्यावरची कौलं) बसवणं, सगळं? रोजंदारीने हिशेब केला तर दिवसाला ५००० आणि पंधरा दिवसांचे ७५ हजार होतात. मग मधले ३३ हजार कशाचे? मला घासाघीस करायची नाही. भर उन्हात कौलांवर उकिडवं बसून काम करणाऱ्याची मजुरी कापून आमचं घर कोरडं नको. फक्त पैसे कुणाच्या हातात जातात ते समजून द्यायचे आहेत. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी याच कामात आहे, खेडच्या बाजूला. मधले पैसे म्हणजे सगळा नफा नव्हे. परांचीचं भाडं, गड्यांची ने-आण, तुमच्याकडे नसलं तर जेवण, शिवाय माणसं टिकावीत म्हणून आधी दिलेली उचल, हे सगळं त्यातच येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जोखीम. कौलं उतरेपर्यंत किती वासे कुजलेत ते कुणालाच दिसत नाही. उक्तं घेणारा त्या न दिसणाऱ्या लाकडाचे पैसे आधीच धरतो. दीड लाखवाल्याने तेच केलंय. रोजंदारीत ती जोखीम तुमच्या अंगावर येते, पंधराचे बावीस दिवस झाले तर १ लाख १० हजार तुम्हीच भरणार. त्यात एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा हंगाम. गडी बागेत असतात, आणि छपरं सगळ्यांनाच पावसाआधी हवीत. दिवाळीनंतर हेच काम थोडं कमी दरात होतं, पण तुमचा वासा तोवर थांबणार नाही.

माझा सल्ला, कामाचे दोन तुकडे करा. कौलं उतरवणं, धुणं आणि परत लावणं चौरस फुटावर ठरवा. लाकूडकाम मात्र छप्पर उघडल्यावर, जेवढे वासे-रिपा बदलतील तेवढं रनिंग फुटावर, म्हणजे लाकडाच्या लांबीवर. कोने सिमेंटमध्ये बसवायचे का, ते कुठल्या दरात, हे वेगळं लिहून घ्या. उतरवताना फुटलेली कौलं कुणाची, हेही. कौलं मोजून घ्या, तुमच्या मापाला अंदाजे बावीसशे असतील. पैसे आठवड्याच्या आठवड्याला, झालेल्या कामाप्रमाणे.

धागाकर्ता:
मनापासून आभार. काल पडवीवरची चार कौलं काढून पाहिली, एकाच्या पोटावर बासेल मिशनचा, म्हणजे मंगलोरी कौलं करणाऱ्या जुन्या कारखान्याचा, शिक्का निघाला. ती कौलं परत वापरायचीच आहेत, म्हणून फुटीचं आधी लिहून घेतो. पहिल्यालाच उद्या बोलावलंय, दोन तुकड्यांत दर मागतो.

एक राहिलं. वरून कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची? गड्यांचा विमा आणि कमरेचा पट्टा दरात धरायला सांगितला तर ठेकेदार साधारण काय म्हणतात? त्यासाठी चौरस फुटाला चार रुपये जास्त द्यायची माझी तयारी आहे.