कॅनडात लांब पल्ल्याचा ट्रक चालवण्यासाठी स्थलांतर करावे का? हिवाळ्यातील रस्त्यांविषयी अनुभवी लोकांचे मत हवे आहे

घाटवाट यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातला असून अनेक वर्षे कांद्याच्या गाड्या घेऊन पाटणा, सिलिगुडी, गुवाहाटी या मार्गांवर जात आलो आहे. कसारा घाटाची चढ-उतार आणि जानेवारीतील उत्तर प्रदेशातले धुके अंगवळणी पडले आहे. बर्फावर मात्र गाडी कधीच चालवलेली नाही. एका सल्लागाराने ब्रॅम्प्टन येथील मालकाचे नोकरीचे पत्र मिळवून देण्याचे कबूल केले असून त्यासाठी तो वीस लाख रुपये मागत आहे. माझ्या अवजड वाहनाच्या परवान्याचा तेथे उपयोग होईल का, बर्फातले वाहन चालवणे या वयात शिकता येईल का, आणि पत्नी व शाळकरी मुलीला सुरुवातीपासून सोबत न्यावे का, हे जाणकारांनी सांगावे.

विनिपेगवासी यांचे उत्तर

मी रस्त्यांपुरते सांगतो; कागदपत्रांचे इतर कोणी सांगेल.

बर्फातले चालवणे शिकता येते. थंडी जितकी जास्त तितका रस्ता वाईट, ही समजूत मात्र आधी सोडून द्यावी. उणे पंचवीस अंशांत बर्फ कोरडा असतो आणि टायरला त्यावर थोडीफार पकड मिळते. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि तोच गाडी घसरवतो. पुढच्या गाडीच्या चाकांमागून उडणारे तुषार अचानक थांबले आणि रस्ता तरीही ओलाच दिसत असेल, तर ते पाणी गोठले आहे असे समजून वेग हळूहळू उतरवावा. अशा रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) आणि इंजिन ब्रेक दोन्ही बंद ठेवावेत, कारण इंजिन ब्रेक फक्त मागच्या चालक चाकांना रोखतो, ती घसरली की ट्रॅक्टर, म्हणजे इंजिन असलेला पुढचा भाग, वळतो आणि ट्रेलर त्याच्यावर चाल करून येतो. धुक्यात पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून चालण्याची आपल्याकडची रीतही येथे चालणार नाही. पुढचा चालक रस्ता सोडून खड्ड्यात गेला, तर तुम्हीही त्याच्या मागोमाग जाल.

उभ्या गाडीची काळजी हा वेगळाच अभ्यास आहे. हवेच्या टाक्यांतले पाणी रोज काढले नाही तर ते ब्रेकच्या नळ्यांत गोठते. ओल्या रस्त्यावरून येऊन ट्रेलरचे ब्रेक लावून रात्रभर गाडी उभी केली, तर सकाळी ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले सापडतात. दक्षिणेकडे उबदार भागात भरलेले डिझेल उत्तरेत आल्यावर मेणासारखे साकळून फिल्टर बंद करते, म्हणून थंड प्रदेशात शिरताना तिथले हिवाळी डिझेल घ्यावे लागते.

टोरंटोहून विनिपेगचा रस्ता सुमारे 2,200 किलोमीटरचा आहे. त्यातला सुपीरियर सरोवराच्या उत्तरेकडचा 17 क्रमांकाचा महामार्ग बहुतेक ठिकाणी येणारी एक आणि जाणारी एक अशा दोनच मार्गिकांचा असून मधे वस्ती फार विरळ आहे. आपल्याकडे दर काही किलोमीटरवर ढाबा असतो. येथे कोठे थांबायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे लागते. जानेवारी 2016 मध्ये निपिगॉन येथील नव्या पुलाचा भाग वर उचलला गेला आणि वाहतूक थांबली, तेव्हा देशाच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणारा दुसरा रस्ता कॅनडाच्या हद्दीत नव्हता. अमेरिकेतून वळसा हाच पर्याय होता, आणि भारतीय पारपत्र असलेल्याला त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो.

माधवी_ओंटारिओ यांचे उत्तर

माझे पती येथे ट्रक चालवतात आणि हिशेब मी पाहते, म्हणून पैशांविषयी स्पष्ट लिहिते. ते वीस लाख देऊ नका. परदेशी कामगार आणण्यासाठी मालकाला एलएमआयए नावाची सरकारी मंजुरी घ्यावी लागते. तिचे 1,000 डॉलर शुल्क मालकाने भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. ज्या मालकाचे पत्र विकत मिळते, तो पुढे वेतनातही असाच वागेल.

आपला अवजड वाहनाचा परवाना येथे बदलून मिळत नाही. ओंटारिओत एझेड, इतर प्रांतांत क्लास वन अशी त्या परवान्याची नावे आहेत. ओंटारिओने जुलै 2017 पासून किमान 103.5 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. एप्रिल 2018 मध्ये सस्कॅचवान प्रांतात ट्रक आणि हॉकी संघाची बस यांच्या धडकेत सोळा जणांचा मृत्यू झाला, त्यानंतर इतर अनेक प्रांतांनीही तशी सक्ती आणली. प्रशिक्षणाचा खर्च हजारो डॉलरमध्ये जातो.

आणखी एक. काही मालक चालकाला स्वतःच्या नावाने कंपनी काढून बिल द्यायला सांगतात. हातात येणारी रक्कम मोठी दिसते, परंतु सुट्टीचे पैसे आणि अपघाताचे संरक्षण या गोष्टी त्यात राहत नाहीत. तुम्ही कामगार म्हणूनच नोंद करून घ्या.

घाटवाट

दोघांचे आभार. सल्लागाराला आजच नकार कळवतो. एक शंका राहिली: वादळ आहे आणि मालक निघायला सांगतो आहे, असे झाल्यास चालकाने काय करावे? आपल्याकडे अशा वेळी नाही म्हटले तर पुढचे भाडे दुसऱ्याला जाते.

विनिपेगवासी

तुमच्या सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात माल नेणाऱ्या चालकांना केंद्रीय कामगार कायदा लागू होतो आणि त्यात धोकादायक काम नाकारण्याचा हक्क स्पष्ट दिलेला आहे. वाहन चालवण्याच्या तासांवरही मर्यादा आहे: साठ अंश अक्षांशाच्या दक्षिणेस दिवसाला तेरा तास, आणि त्याची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते, म्हणजे बर्फात गेलेला वेळ रात्री जागून भरून काढता येत नाही. रॉकी पर्वतांपलीकडच्या रॉजर्स खिंडीत तर हिमकडे मुद्दाम पाडण्यासाठी लष्कर तोफा डागते आणि तोवर महामार्ग बंद असतो. तेथे मालकाच्या घाईला कोणी विचारत नाही.

परंतु रस्ता अधिकृतरीत्या बंद नसतो आणि तरीही चालवण्याजोगा नसतो, अशा दिवशी निर्णय चालकाचा असतो. ज्याचा कामाचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला आहे, त्याला तेव्हा नाही म्हणणे फार जड जाते, कारण नोकरी गेली की दुसऱ्याकडे लगेच काम धरता येत नाही. छळ होत असल्यास खुल्या परवान्यासाठी, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्यासाठी, अर्ज करण्याची सोय 2019 पासून आहे, पण तिचा निकाल लागेपर्यंतचे दिवस काढावे लागतात. माझ्या मते बर्फापेक्षा हीच अडचण मोठी आहे. मुलाखतीत चार प्रश्न निःसंकोच विचारावेत: वादळात थांबलेल्या दिवसाचे पैसे मिळतात का, पहिल्या हिवाळ्यात सोबत अनुभवी चालक देता का, ब्रिटिश कोलंबियाच्या फेरीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्या कोण पुरवतो आणि त्या लावायला कोण शिकवतो. तेथील डोंगरी महामार्गांवर ऑक्टोबरपासून अवजड वाहनांना साखळ्या बाळगाव्या लागतात.

माधवी_ओंटारिओ

कुटुंबाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. पहिला हिवाळा एकट्याने काढावा असे मला वाटते. चालक आठवडाभर बाहेर असतो, आणि गाडी चालवू न शकणाऱ्या बाईला उणे वीस अंशांत अनोळखी उपनगरात मुलीला शाळेत पोहोचवणे अवघड जाते. त्या काळात वहिनींनी नाशिकमध्येच चारचाकी शिकून घ्यावी आणि परवाना काढून ठेवावा. घर पाहताना ब्रॅम्प्टन आणि विनिपेग या दोन्ही ठिकाणच्या भाड्यांची तुलना नक्की करा; विनिपेगला भाडे बरेच कमी पडते, थंडी मात्र तिथे जास्त.