पोपटीसाठी वाडी सजवताना: मापं, साहित्य आणि चुका

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, रोहा, मुरूडकडे शनिवार-रविवार पोपट्या लागतात, म्हणजे मटक्यात शेंगा भरून तो पेंढ्याच्या जाळात भाजतात. मटका कसा भरायचा, भांबुर्डा (मटक्यात घालायचा वासाचा रानपाला) किती घालायचा, यावर भांडून झालंय. हा धागा भोवतालच्या मांडणीसाठी: झावळ्या, केळी, दिवे, बैठक. ‘छान दिसतं’ एवढंच लिहू नका, मापं द्या.

वाडीकर
आधी जाळाची जागा ठरवा, सजावट नंतर. किनाऱ्यालगत संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, रात्री पडतो आणि मग जमिनीकडून समुद्राकडे फिरतो. म्हणजे जाळाच्या पूर्वेला बसा नाहीतर पश्चिमेला, कधीतरी धूर खायचाच. बैठक जाळाच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला मांडा. मटक्यावरचा पेंढा भडकला की जळत्या काड्या उडतात, त्यामुळे सुक्या झावळ्या, कागदी पताका, कापडी मांडव यांपासून जाळ निदान २० फूट लांब. वरही बघा, माडाखाली जाळ नको.

सुंभवाली
कमानीसाठी झावळ्या त्याच दिवशी सकाळी उतरवलेल्या घ्या. आदल्या दिवशीच्या असतील तर पाती मिटतात आणि कमान खराट्यासारखी दिसते. १० फुटी फाटकाला चार झावळ्या पुरतात. दोन्ही बाजूंना बांबू दीड फूट गाडायचे, प्रत्येकाला दोन झावळ्या, शेंडे वर एकमेकांत अडकवायचे. देठ दोन ठिकाणी बांधा, एक गाठ बुडाशी आणि दुसरी तीन फुटांवर. एकाच गाठीवर झावळी शेंड्याच्या वजनाने गरकन फिरते आणि पाठ दाखवते. नायलॉनची दोरी ओल्या देठावर सरकते, सुंभच धरून ठेवतो.

मागच्या भिंतीला झाप लावायचे असतील तर झावळी मधोमध चिरा आणि मधला पाच-सहा फुटांचा भागच विणा. शेंड्याकडची पाती आखूड असतात, विणता विणता संपतात.

केळफूल
केळीचे खांब विकत आणू नका, घड उतरवलेली केळ कुठल्याही वाडीत मिळते. सहा फुटी खांब उचलायला दोन माणसं लागतात. नऊ इंच गाडा, नाहीतर पहिलं पोर टेकलं की आडवा. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, कापलेल्या तोंडावर गोणपाट बांधा.

पानं अंथरण्याआधी निखाऱ्यावरून फिरवा. रंग गडद होऊन चकाकी आली की पान मऊ पडतं, दुमडलं तरी फाटत नाही.

मटकेवाला
खरी सजावट म्हणजे मटका ओततात ती जागा, बाकी सगळं तिच्याभोवती. खाली भिजवून पिळलेलं गोणपाट, त्यावर केळीच्या पानांचे दोन थर, साधारण चार फूट बाय चार फूट. प्लास्टिकचा टेबलक्लॉथ घातलात तर गरम शेंगांखाली तो चिकटलाच म्हणून समजा. ओतण्याआधी मटक्याची राख ओल्या फडक्याने झटका, नाहीतर हिरव्या पानावर पहिली राखच पडते. मग वाफेबरोबर भांबुर्ड्याचा वास सुटतो. तिथे अगरबत्त्या, सुगंधी मेणबत्त्या कृपा करून लावू नका.

वाडीकर
@मटकेवाला, जाळाशी उजेडही हवा. मटक्यावर पाणी शिंपडून ‘चर्र’ ऐकायचं आणि मग तो गरम मटका उचलायचा, हे मिणमिणत्या माळांच्या उजेडात करू नये. तिथे एक पांढरा लख्ख दिवा ठेवा, शोभेचे पिवळे दिवे बाकी ठिकाणी. पिवळ्या दिव्यांवर किडेही कमी येतात.

दिवेलागण
करवंट्यांत थेट तेल-वात घालू नका, करवंटी स्वतःच उत्तम जळण आहे. तळाला दोन बोटं ओली वाळू, त्यावर मातीची पणती. करवंटी डुगडुगते म्हणून खाली सुंभाचं कडं ठेवा.

विजेच्या माळा असतील तर दव विसरू नका. एक्स्टेन्शनचा जोड गवतात ठेवला की रात्री ओला होतो आणि फ्यूज उडतो. जोड खांबाला तीन-चार फुटांवर बांधा, वर कापलेली प्लास्टिकची बाटली उपडी घाला. क्रेप कागदाची तोरणं याच दवाने लोंबतात आणि रंग सोडतात.

पुणेरी_गच्ची
मुलांना हवाईयन थीम हवी असते, म्हणून एक सूचना. तिकडच्या माळांत चाफा असतो, पण आपल्याकडे पोपटीच्या दिवसांत चाफ्याची पानं गळलेली आणि फुलं मोजकीच. झेंडू किंवा शेवंती ओवा. गळ्यात सैल पडायला ४० इंच माळ लागते. तिकडे जमिनीतल्या भट्टीत भाजताना केळीचे खांब ठेचून घालतात, वाफेसाठी. तेव्हा केळीचे खांब दोन्ही थीमना चालतात!

सुंभवाली
@पुणेरी_गच्ची, गच्चीवर पेंढ्याचा जाळ नको हो. झावळ्या चालतील, पण देठ वाळूने भरलेल्या बादलीत रोवा आणि कठड्याला बांधा. वाऱ्याने झावळी खाली गेली तर कुणाच्या तरी डोक्यात.